वडिलांची विलायती दुनळी विकायची आहे: आधी कागद, मग गिऱ्हाईक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगता येईल. गुहागरजवळ घर. वडील शिमग्याच्या सुमारास गेले, परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. घरात आजोबांच्या वेळची बारा बोरची (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप) विलायती दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ कोरलेलं, सोबत मूळ चामड्याची पेटी. आई घरी एकटी, तुम्ही ठाण्याला. गोव्यातला ओळखीचा माणूस आकडा चांगला देतोय, पण ‘बंदूक आत्ता द्या, कागद मागाहून करू’ म्हणतोय. घाटावरचा एक विक्रेता त्याच्या निम्म्यावर अडून बसलाय आणि फोनवर ‘घेऊन या, बघून सांगतो’ म्हणतोय. यातल्या कुणाला द्यावी आणि फसगत कशी टाळावी, हे तुम्ही विचारलंय.

आज तरी दोघांनाही देऊ नका. बंदुकीची मालकी वारसाने तुमच्याकडे आली असेल, पण ती जवळ बाळगण्याचा हक्क वडिलांच्या परवान्याबरोबर संपला. हे दोन वेगळे हक्क आहेत आणि लोकांची गल्लत नेमकी इथेच होते. जमीन, दागिने, गाडी यांचं सावकाश केलं तरी चालतं. बंदूक मात्र परवानेदार गेल्यापासून कायद्याच्या नजरेत बिनपरवाना पडून आहे, आणि ती आज ज्यांच्या ताब्यात आहे त्या तुमच्या आई आहेत. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून बिनपरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. वारसांनी स्वतःहून पुढे येऊन बंदूक जमा केली तर पोलीस सहसा समजुतीनेच घेतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण ‘बघू गणपतीत आल्यावर’ हे या कामात चालत नाही.

रत्नागिरीच्या बाजूला बंदुकांची दुरुस्ती आणि विक्री हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा आहे. त्यात मी एक गोष्ट कटाक्षाने पाळत आलो: बंदूक ज्या घटकेला ज्याच्या हातात असेल, त्या घटकेला त्याच्यापाशी तिचा कागद असला पाहिजे. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्याच एका गोष्टीतून येतं.

पहिलं काम म्हणजे बंदूक जमा करणं. शस्त्र कायद्याच्या २१व्या कलमात दोन जागा दिल्या आहेत, जवळचं पोलीस ठाणं किंवा शस्त्रं जमा करून घेण्याचा अधिकार असलेला परवानाधारक विक्रेता. साधी शेतीसंरक्षणाची एकनळी असती तर मी डोळे मिटून पोलीस ठाणं म्हटलं असतं. तुमच्या बंदुकीला पेटी आहे, नाव आहे, म्हणजे तिची हालतच तिची किंमत ठरवणार. ठाण्याच्या शस्त्रागारात तिच्यावर कुणी मुद्दाम अन्याय करत नाही, पण पन्नास बंदुकांच्या रांगेत भिंतीला टेकून तिने खाऱ्या हवेत एक पावसाळा काढला तर आश्विनात तुम्हाला तीच बंदूक परत मिळेल याची हमी कोण देणार? अशा बंदुका मी विक्रेत्याकडे ठेवायला सांगतो. जमा करण्याचं भाडं पडतं, ते द्यावं.

तिथवर ती न्यायची कशी, हाही प्रश्न आहेच. ‘घेऊन या’ म्हणणारा तो विक्रेता इथे बेफिकीर वाटतो. तुमच्याकडे परवाना नाही, तेव्हा गाडीच्या डिकीत दुनळी टाकून तुम्ही कुंभार्ली घाट चढायचा नाही. आधी गावच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. त्यात वडिलांच्या मृत्यूची तारीख, परवान्याचा क्रमांक, बंदुकीचं वर्णन आणि ती अमुक विक्रेत्याकडे जमा करू इच्छितो एवढं लिहा. मृत्यूचा दाखला आणि परवान्याच्या पुस्तकाची प्रत जोडा. बंदूक कुणी, कोणत्या दिवशी, कशी न्यायची ते ठाणेदारांकडून लिहून घ्या. काही ठिकाणी हवालदार सोबत येतो, काही ठिकाणी आधी ठाण्यात जमा करून मग विक्रेत्याच्या ताब्यात देतात. प्रत्येक ठाण्याची रीत थोडी वेगळी आहे, म्हणून ठोकळ उत्तर देत नाही. तुमच्या हातात शिक्क्यानिशी पोच असल्याशिवाय बंदूक घराबाहेर काढू नका, एवढंच माझं सांगणं.

अर्ज लिहायला बसाल तेव्हा परवान्यातला क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक ताडून बघा. जुन्या परवान्यांत इथे हमखास घोळ असतो. विलायती बंदुकीवर आकडे बरेच असतात. पेटंटचा क्रमांक असतो, बोरचा आकडा असतो, नळ्यांवरच्या चाचणीच्या शिक्क्यांतही आकडे असतात. कधीकाळी कुणा कारकुनाने जो आकडा ठळक दिसला तो पुस्तकात चढवला आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणात तोच उतरत गेला. खरा क्रमांक सहसा चापाच्या कडीवर किंवा तिच्या मागच्या पट्टीवर असतो. तोच नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, बंदुकीच्या मधल्या पोलादी भागावर आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या लोखंडावर असायला हवा. तिन्ही जुळले तर उत्तम, बंदूक अखंड आहे. परवान्यात वेगळाच आकडा निघाला तर तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज करून विक्रीच्या आधी दुरुस्त करून घ्या. विकत घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद करताना ही विसंगती बाहेर आली तर व्यवहार अडकतोच, शिवाय ‘मूळ बंदूक कुठे गेली?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जातो.

परवान्याला यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक आहे का, तेही बघून घ्या. आणि वडिलांच्या हयातीतच मुदत संपलेली होती का? आपल्याकडे वयस्क माणसं नूतनीकरण विसरतात. तसं असेल तर अर्ज करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा, कारण मग तुम्हाला दोन गोष्टी एकदम निस्तरायच्या आहेत.

आता विक्रीचे रस्ते दोन. एक, तुमच्यापैकी कुणा वारसाने वारसा म्हणून परवाना घ्यायचा आणि मग परवानेदार म्हणून विकायची. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसाच्या नावे परवान्याची सोय आहे, बाकीच्या वारसांची ना-हरकत मात्र लागते. (ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: परवानेदार सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर बंदूक जिवंतपणीच वारसाकडे देण्याची सोय याच नियमांत आहे. ती वापरली असती तर निम्मी पत्रं इथे लिहावी लागली नसती.) दुसरा रस्ता, बंदूक जमा असतानाच कायदेशीर वारस म्हणून तिच्या विक्रीला संमती द्यायची आणि पैसे घ्यायचे. २१वं कलम वारसाला हा हक्क स्पष्टपणे देतं. जमा ठेवण्याला मुदत असते आणि त्या मुदतीत ना परत घेतली ना विकली तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. त्यामुळे जमा केलेल्या पावतीवरची तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवा.

विकायचीच आहे हे घरात नक्की ठरलं असेल तर मी दुसरा रस्ता सुचवतो. तुमच्या लिहिण्यात मात्र ‘काकांना ती घरात राहावी असं वाटतं’ असं एक वाक्य आहे. ते आधी सोडवा. काकांकडे स्वतःच्या दोन बंदुका असतील तर तिसरी त्यांना घेता येणार नाही, वारसानेही नाही, कारण २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुकांची मर्यादा घातली आहे. पूर्वी ती तीन होती. काकांच्या नावावर जागा असेल आणि त्यांची खरोखर इच्छा असेल तर बाहेरचं गिऱ्हाईक शोधण्याआधी त्यांना विचारणं बरं. विक्री ठरल्यावर एका वारसाने हरकतीचं पत्र टाकलं की गृह शाखेतली फाइल तिथेच बसते.

गोव्याच्या गृहस्थांबद्दल. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण त्यांचं म्हणणं मान्य करणं म्हणजे आपल्या गळ्यात घोंगडं अडकवून घेणं. परवानाधारक माणसाला खासगीत बंदूक विकणं बेकायदा नाही, हे आधी सांगतो, कारण पुष्कळांना तसं वाटतं. कायद्याच्या ५व्या कलमात ती वाट आहे. अट अशी की कुणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे. प्रत्यक्षात कलेक्टर कचेरी परवानगीचं पत्रच मागते, आणि ते हातात येईपर्यंत तुम्ही थांबलेलंच बरं. ‘आत्ता द्या, कागद मागाहून’ यात हे पंचेचाळीस दिवसच उडवले जातात. उद्या त्या बंदुकीने काही झालं तर शेवटची नोंद तुमच्या वडिलांच्या पुस्तकात असणार आणि पोलीस तुमच्या आईच्या दारात येणार.

शिवाय बांद्याचा नाका आहे. बांद्याहून पत्रादेवीला गेलात की राज्य बदलतं. परवान्याला क्षेत्र असतं, जिल्ह्यापुरतं, राज्यापुरतं किंवा देशभराचं. महाराष्ट्रापुरत्या परवान्याची बंदूक गोव्यात नेणं किंवा गोव्यापुरत्या परवान्यावर इथून उचलून नेणं, दोन्ही गुन्हेच. त्या गृहस्थांना खरंच हवी असेल तर त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून ना-हरकत आणावी, क्षेत्राचं बघावं, नाहीतर दोन्हीकडच्या विक्रेत्यांमार्फत व्यवहार करावा. याला जो माणूस तयार होतो तो गिऱ्हाईक. जो कुरकुरतो त्याचा आकडा कितीही मोठा असला तरी तो आकडा खरा नाही.

खासगी गिऱ्हाइकाच्या परवान्यात काय बघायचं ते थोडक्यात. मूळ पुस्तक बघा, फोनवरचा फोटो नको. यूआयएन, मुदत, क्षेत्र, फोटो आणि पत्ता आधारशी जुळतोय का. पुस्तकात एक जागा मोकळी आहे का, आणि ती डी.बी.बी.एल. (मागून काडतूस भरायची दुनळी) बारा बोरसाठी आहे का. कित्येकांची मोकळी जागा पिस्तुलासाठी मंजूर असते. खरेदीची मुदत संपलेली नाही ना. ‘परवाना येतोच आहे, तोवर बयाणा घ्या’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. त्यातही तो मुरुडकडच्या फणसाड अभयारण्याच्या बाजूचा असेल तर आणखीच, कारण अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते, आणि ‘येतोच आहे’ला वर्ष जातं.

आता ज्यासाठी तुम्ही खरं तर लिहिलंत, ती किंमत.

आपल्याकडे विलायती बंदुकांना भाव आला त्याचं कारण सोपं आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला बाहेरून बंदूक मागवणं जवळपास बंद झालं. जो माल देशात होता तोच फिरत राहिला. पण यातली मलई पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरांनी खाल्ली, दुनळ्यांनी नाही. दोनची मर्यादा आल्यावर तर दुनळीचा बाजार आणखी आकसला. ज्याच्याकडे दोनच जागा आहेत तो त्यातली एक शंभर वर्षांच्या बंदुकीला देताना दहादा विचार करतो, आणि तिसरी बंदूक काढून टाकणाऱ्यांमुळे माल वाढला तो वेगळाच. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, तेव्हा हौस म्हणून घेणारा माणूस म्हणजे संग्राहक किंवा नेमबाज. म्हणून इंग्लंडच्या लिलावांचे आकडे इंटरनेटवर बघून इथली किंमत ठरवू नका. तिथे पाठवून विकण्याचा विचारही सोडा. शस्त्राच्या निर्यातीला परवाना लागतो, आणि शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूला पुरावस्तूंचा कायदाही आडवा येऊ शकतो.

तुमची बंदूक कुठे बसते? आर्मी अँड नेव्ही हे बंदूक बनवणारं घराणं नव्हे. ती लंडनची साहेबांची सोसायटी. मुंबईत काळा घोड्याला तिची इमारत अजून उभी आहे. तिथे सूटपासून तंबूपर्यंत सगळं मिळायचं. बंदुका ती बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून, बऱ्याचदा वेब्ली अँड स्कॉटकडून करून घ्यायची आणि वर आपलं नाव घालायची. माल चोख, पण पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या पंक्तीतला नाही. पट्टीवर ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ लिहिलंय की ‘स्टोअर्स’, ते वाचून कळवा. १९३४मध्ये नाव बदललं, त्यामुळे एवढ्यावरून बंदूक अलीकडची की पलीकडची ते ठरतं.

नळ्या काढून खालचा सपाट भाग उजेडात धरा. मुकुटाखाली बी.व्ही., बी.पी. आणि एन.पी. अशी अक्षरं दिसली तर ती १९०४ ते १९५४ या काळातली बर्मिंगहॅमची चाचणी. एन.पी. म्हणजे नायट्रो, आजच्या धुरविरहित दारूसाठी तपासलेली. एन.पी. नसेल आणि नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी, काळ्या दारूच्या जमान्यातली असायची शक्यता मोठी. ती शोभेला सुंदर, पण आजचं काडतूस तिच्यात घालून कुणीही बार काढू नये, गिऱ्हाइकानेही नाही. हे विक्रीच्या कागदावर लिहून द्या. दुसरं, काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुका बहुतेक अडीच इंची, म्हणजे पासष्ट मिलिमीटरच्या. सत्तरचं काडतूस त्यात बसतं, पण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बंदूक ‘चालते का बघू’ म्हणून दोन बार काढणारे आणि नळी फुगवून ठेवणारे मी पाहिले आहेत. फुगीर नळीची बंदूक मग नुसती शोभेची.

घरच्या घरी अजून दोन गोष्टी बघता येतात, तीही बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून. पुढचं लाकूड काढा, नळ्या बसवलेल्या ठेवा, दस्त्याची मान धरून हलकेच हलवा. आत खुटखुट जाणवली तर सांधा सैल झालाय. मग नळ्या वेगळ्या करून त्यांच्या खालच्या हुकात बोट घालून लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांबलेला नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं झाळण शाबूत. थप्प असा बद्द आवाज आला तर कुठेतरी पट्टी सुटली आहे आणि आत गंज चालू आहे. कोकणात हे फार होतं, कारण सुटलेल्या पट्टीखाली दमट हवा शिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नळीतून आकाशाकडे बघा. आतल्या चकाकीत वर्तुळं सरळ दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ मोडलं तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. ते घासून काढण्याचा मोह होतो, आणि घासलं की नळीची जाडी कमी होते. माझ्याकडे जाडी मोजायचं उपकरण आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आलेली नळी मी वापरायला विकत नाही.

एवढ्यावरून तुम्हाला कळलं असेल की माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं काय असणार. तिला साफ करू नका. लोक विकण्याआधी बंदूक ‘नवीकोरी’ करायला जातात. पॉलिश पेपर मारतात, नळ्यांना पुन्हा निळं पाणी देतात, दस्त्याला वार्निश लावतात, एखादा हौशी निकेलचा मुलामाही चढवतो. संग्राहक पैसे देतो ते जुन्या रंगाला, मुळात पडलेल्या नक्षीला आणि हाताने झिजलेल्या अक्रोडाला. ते गेलं की परत आणता येत नाही. कोरड्या सुती फडक्याने धूळ पुसा, बंदुकीचं हलकं तेल बोटभर लावा, बस्स. खोबरेल नको. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच लावतात, पण पौषातल्या थंडीत ते थिजतं, त्यावर धूळ बसते आणि आतल्या कमानी जड होतात. आणि बंदूक चामड्याच्या पेटीत ठेवू नका. पेटीला किंमत आहे, पण चामडं आणि आतलं कापड दमटपणा धरून ठेवतं आणि टेकलेल्या बाजूला गंजाची रेघ उमटते. पेटी माळ्यावर उघडी ठेवा, बंदूक वेगळी.

कुणी ‘पुरावस्तू आहे, परवाना लागतच नाही’ असं सांगेल. कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती ज्यातून दुरुस्त करूनही बार काढता येत नाही अशा शस्त्रांना. तुमच्या दुनळीत आजही बाजारातलं काडतूस बसतं. आणि सूट मिळावी म्हणून कुणा लोहाराकडून ती बंद पाडून घेण्याचा किंवा नळी कापण्याचा विचार तर मुळीच नको. तो वेगळा गुन्हा होतो आणि किंमतही मातीमोल होते.

विक्रेत्याकडे परत येतो. तो निम्मी किंमत म्हणतो याचा अर्थ तो लुबाडतोच असं नाही. रोख देऊन घेतली तर ती त्याच्याकडे दोन वर्षं पडू शकते आणि तेवढा त्याचा पैसा अडकतो. त्याला विचारा, विकत न घेता विकून द्याल का? बंदूक त्याच्याकडे जमा, किंमत तुम्ही ठरवायची, विकली की त्याचं कमिशन. घाई नसेल तर यात तुमच्या हाती जास्त येतं, आणि गिऱ्हाइकाचा परवाना तपासण्यापासून रजिस्टरला नोंद करण्यापर्यंतची डोकेदुखी तो घेतो. कमिशन किती, जमा-भाडं किती, किती महिन्यांनी परत घ्यायची आणि त्याला ठरल्यापेक्षा खाली उतरायचा अधिकार आहे का, या चार गोष्टी लिहून घ्या. घाई असेल, आईंना ती नजरेसमोरच नको असेल, तर रोख किंमत थोडी वाढवून घ्या आणि मोकळे व्हा. त्यातही कमीपणा नाही.

पावती मात्र माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद. ‘एक डी.बी.बी.एल. बंदूक जमा’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने अशीच पावती घेऊन एका विक्रेत्याकडे दुनळी ठेवली. वर्षाने परत आणली तेव्हा नळीखालचं लाकूड दुसऱ्याच बंदुकीचं होतं, क्रमांक जुळेना, आणि सिद्ध करायला हातात काही नव्हतं. तेव्हा पावतीवर नाव, तिन्ही ठिकाणचा क्रमांक, नळीची लांबी, दस्त्यावरची खूण किंवा तडा, पेटी आणि पेटीतल्या प्रत्येक वस्तूची यादी असू द्या. नळ्या, सांधा, नक्षी आणि क्रमांक यांचे फोटो दोघांच्या सह्यांनी जोडा. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही. त्यालाही हे सोयीचंच असतं.

फोटोंवरून आठवलं. ते व्हॉट्सॲपच्या गटांत किंवा जाहिरातीत टाकू नका. क्रमांक, गावाचं नाव आणि ‘आई एकटीच असते’ एवढं एका ठिकाणी आलं की तुम्ही गिऱ्हाइकाला नाही, चोराला बोलावताय. तुमच्या प्रश्नातही गाव आणि घराची खूण होती, ती काढून टाका. कुणालाही घरी बंदूक दाखवू नका. बघायची असेल त्याने विक्रेत्याच्या दुकानात यावं.

पैशांचं फार लिहीत नाही. बँकेतून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि बंदुकीच्या व्यवहाराला रोखीचा वास लागला की पुढच्या प्रत्येक चौकशीत तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. नफ्यावर कर लागेल का, हे तुमच्या सीएला विचारा. पैसे खात्यावर जमा, परवान्यावर नोंद, विक्रीची लेखी खबर ठाण्यात आणि कलेक्टर कचेरीत, दोन्हीकडची पोच तुमच्या फायलीत. हे झाल्यावरच बंदूक नव्या मालकाच्या हातात.

वेळेचा अंदाज विचारलात तर देता येत नाही. ते गृह शाखेच्या टेबलावर आणि गिऱ्हाइकाच्या कागदांवर आहे. मधे निवडणुकीची आचारसंहिता लागली तर शस्त्रांची सगळी कामं मागे पडतात, जमा-जमवीतच कचेरी गुंतते. शक्यतो आगोटीच्या, म्हणजे पावसाळा तोंडावर येण्याच्या, आधी निदान बंदूक विक्रेत्याकडे कोरड्या जागी पोचेल एवढं बघा. विक्री दिवाळीनंतर झाली तरी चालेल.

काडतुसांचं राहिलं. वडिलांच्या कपाटात अर्धी पेटी नक्की असणार, आणि ती सगळे विसरतात. तीही परवान्यावरच होती, तेव्हा तीही बिनपरवाना झाली. शेजाऱ्याला रानडुकरांसाठी देऊन टाकू नका, विहिरीत टाकू नका, उघडून तर अजिबात बघू नका. पितळी बूड हिरवं पडलेली किंवा कागदी नळकांडं फुगलेली असतील तर हात न लावता ठाण्यात तसं सांगा. मोजून अर्जात लिहा आणि बंदुकीबरोबर त्याच दिवशी जमा करा, पावतीवर संख्येसकट. कपाटाच्या मागच्या कप्प्यात, वडिलांच्या जुन्या कोटांच्या खिशांतही बघा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत एकदोन तिथेच सापडतात.